गोव्यात गाडीच्या सीटचे कुशनकाम: कुणाकडे काय करून घ्यावे

सीट फाटली, उसवली किंवा बसून गेली की गोव्यात चार पर्याय समोर येतात. म्हापसा, मडगाव, फोंडा, वास्को अशा शहरांतल्या ऑटो कुशनच्या छोट्या कार्यशाळा, तयार कव्हरे आणि म्युझिक सिस्टीम विकणारी अ‍ॅक्सेसरीजची दुकाने, कंपनीचे सर्व्हिस सेंटर आणि घरपोच मिळणारे दुरुस्तीचे किट. इथे या चारही सेवांचे परीक्षण केले आहे. मत आधीच सांगतो: कापडी सीटच्या साध्या गाडीला चांगल्या कुशनवाल्याकडून फाटलेला तेवढाच तुकडा बदलून आणि त्याच फेरीत आतला फोम दुरुस्त करून घेणे, हे पैशाच्या मानाने सर्वांत चांगले काम. सीटमध्ये एअरबॅग असेल तर मात्र पाठीच्या कव्हरासाठी कंपनीकडेच जावे. अख्ख्या गाडीला रेक्झिन चढवण्याची गरज फार थोड्या गाड्यांना असते, तरी सल्ला बहुतेक ठिकाणी तोच मिळतो.

कारागीर पारखायची आमची खूण एकच आहे. गाडी दाखवल्यावर तो आधी रंगांचा अल्बम काढतो की सीटखाली हात घालून फोम दाबून बघतो? कापड फाटते ते बहुधा आतल्या बिघाडामुळे, आणि तो बिघाड तसाच ठेवून वरून कितीही भारी माल घातला तरी त्याच जागी पुन्हा फाटतो.

सर्वांत जास्त तक्रार येते ती चालकाच्या सीटच्या उजव्या कडेची. आपल्याकडे चालक उजव्या दाराने चढतो-उतरतो, त्यामुळे प्रत्येक वेळी अंगाचा भार बसक्या भागाच्या उजव्या उंचवट्यावर घासत जातो. हा उंचवटा कापून पाहिला तर नेमके काय होते ते कळते. बाहेरच्या बाजूला सीटच्या पोलादी चौकटीची दांडी असते, तिच्यावर फोमचा इंच-दोन इंच थर. रोजच्या दाबाने दांडीला टेकलेला फोम आतून चुरा होऊ लागतो आणि बोट घातले तर पिवळी पूड हाताला लागते. आधार गेला की वरचे कापड सैल पडते, त्याला घडी पडते आणि घडीच्या कडेवर घासून शिलाईलगत चीर जाते. अशा जागी नुसता नवा तुकडा शिवला की पहिले काही महिने छान दिसतो, मग पुन्हा घडी आणि पुन्हा चीर.

दुसरे कारण खास किनारपट्टीचे. कळंगुट, बागा, हरमल, कोलवा, पाळोळे इथून परतताना ओल्या कपड्यांनी सीटवर बसले की खारे पाणी कापडातून फोममध्ये उतरते. पाणी सुकले तरी मीठ आत राहते आणि दमट हवेतले बाष्प ओढून घेत राहते, म्हणून ती सीट कधी पुरती कोरडी होतच नाही. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेल्या भाड्याच्या गाड्यांत हे सर्रास दिसते. सीटचे कव्हर फोमला धरून ठेवणाऱ्या लोखंडी रिंगा या मिठाने गंजतात. गंज आधी कापडावर तांबूस ठिपक्यांच्या ओळीने उमटतो आणि पुष्कळजण ते लाल मातीचे डाग समजून घासत बसतात. मातीचा डाग पसरट असतो. गंजाचे ठिपके शिलाईच्या खाचेत, चार-पाच इंचांच्या अंतराने, एका रेषेत येतात. तसे दिसले तर समजावे की रिंगा कुजत आल्या आहेत. एखाद-दुसरी तुटली की सीटची मधली खाच वर उचलली जाते आणि कव्हर तंबूसारखे ताणून उभे राहते. हे काम स्वस्तात होते. कव्हर अर्धे उतरवून जुन्या रिंगा कापायच्या आणि नव्या मारायच्या. फक्त नव्या रिंगा स्टेनलेस स्टीलच्या किंवा निदान जस्ताचा मुलामा दिलेल्या हव्यात. साध्या लोखंडी रिंगा किंवा प्लॅस्टिकचे केबल टाय वापरणारी दुकाने आहेत. टाय तात्पुरता चालतो, पण त्याचे डोके फोममधून टोचते आणि उन्हाने तापलेल्या गाडीत तो ठिसूळ होऊन तुटतो.

आता सेवांकडे वळू.

कुशनवाल्यांची कार्यशाळा म्हणजे बहुतेक ठिकाणी एक-दोन माणसे, एक जड शिलाई मशीन, कॉम्प्रेसर, गोंदाचा डबा आणि भिंतीला टेकवलेली रेक्झिनची गुंडाळी. हेच लोक रिक्षा, बस, बोटींच्या गाद्या आणि सोफेही करतात. हात तयार असतो. अडचण असते ती गाडीच्या सीटच्या आतल्या भागांची माहिती प्रत्येकाला सारखी नसण्याची. म्हणून कामाचा क्रम गिऱ्हाइकालाही ठाऊक असावा.

आधी बॅटरीची ऋण तार काढायची आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबायचे. पुस्तिका हाताशी नसेल तर दहा मिनिटे थांबलेले बरे. सीट पुढच्या टोकाला ढकलून मागचे दोन बोल्ट, मग मागे ढकलून पुढचे दोन, असे चार बोल्ट निघतात. सीट लगेच उचलायची नाही. तिरकी करून खालची वायरिंग आधी सोडवायची. पिवळ्या रंगाचा कनेक्टर दिसला तर तो एअरबॅगचा किंवा बेल्टच्या प्रीटेन्शनरचा, म्हणजे धडकेच्या क्षणी बेल्ट आवळणाऱ्या भागाचा. त्याला मल्टीमीटर लावायचा नाही. सीट बाहेर असताना चावी ‘ऑन’ केली तर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागतो आणि तो पुष्कळ गाड्यांत स्कॅनर, म्हणजे गाडीतल्या बिघाडाच्या नोंदी वाचणारे यंत्र, लावल्याशिवाय जात नाही. ही चूक कार्यशाळेत फार होते, कारण गाणी लावायला कुणीतरी चावी फिरवतो.

सीट टेबलावर आली की बाजूची प्लॅस्टिकची झाकणे, पाठ झोपवण्याचा (रिक्लायनरचा) दांडा आणि हेडरेस्टच्या नळ्या काढायच्या. नळ्यांना खालून दोन्ही बाजूंनी दाबायची चिमटी असते. वरून ओढल्या तर तुटतात आणि सुट्या मिळायला त्रास होतो. कव्हराच्या खालच्या कडेला प्लॅस्टिकची आकड्यासारखी पट्टी शिवलेली असते, ती चौकटीच्या ओठातून सोडवायची. मधल्या खाचांमध्ये कापडाच्या नळीतून गेलेली तार असते. ती तार नव्या कव्हरात परत घालायची असते, फेकायची नाही. तार टाकून देऊन नुसत्या कापडाला रिंगा मारल्या की महिन्याभरात कापडाला भोके पडून खाच सुटते. काम बघायला गेलात तर हे एवढे तरी बघा: जुन्या तारा टेबलावर सांभाळून ठेवल्या आहेत का.

फोमच्या बाबतीत दुकानादुकानांत सर्वांत मोठा फरक दिसतो. गाडीचा मूळ फोम साच्यात ओतलेला असतो आणि त्याची घनता साधारण ५० किलो प्रति घनमीटरच्या आसपास असते. बाजारात सोफ्यासाठी मिळणारा २८ किंवा ३२ घनतेचा फोम तिथे लावला तर तो एका पावसाळ्यात बसतो. खचलेली कड दुरुस्त करताना चुरा झालेला भाग लांब पात्याच्या सुरीने सरळ कापून टाकायचा, म्हणजे जोडाला सपाट पृष्ठभाग मिळतो. त्या जागी दांडीच्या बाजूला कडक रिबॉन्डेड फोम (फोमचे तुकडे दाबून जोडलेला), ८० ते १०० घनतेचा, आणि त्यावर १० ते १२ मिमी मऊ थर. गोंद दोन्ही पृष्ठभागांना लावून हाताला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचे आणि मग दाबायचे. फेव्हिकॉलचा एसआर ९९८ हा सिंथेटिक रबर गोंद या कामाला चालतो आणि सगळीकडे मिळतो. शेवटी सँडपेपरने गोलाई द्यायची आणि सगळ्यावर ५ मिमीचा पातळ फोम पांघरायचा, नाहीतर जोडाची रेघ कापडावरून दिसते.

चिंध्या, जुन्या फोमचे तुकडे किंवा कापूस कोंबून उंची आणणारा कारागीर लगेच ओळखू येतो. सीट हाताला टणक लागते, पण गुडघ्याने दाबली की एका बाजूला सरकते. तसेच ‘बसायला मऊ हवे’ म्हणून पूर्ण सीटवर दोन इंच जादा फोम घालून घेण्याचा मोह आवरावा. बसण्याची उंची वाढते, डोके छताजवळ जाते, बेल्ट मांडीवरून पोटाकडे सरकतो आणि हेडरेस्ट डोक्याच्या मागे न राहता मानेच्या मागे येते. हा सुरक्षेचा प्रश्न आहे.

फोमखाली, स्प्रिंगच्या वर, एक जाड थर असतो. जुन्या गाड्यांत तो गोणपाटाचा असतो. गोव्याच्या दमटपणात तो कुजतो, मग स्प्रिंगची तार थेट फोम कापू लागते आणि बसताना करकर आवाज येतो. त्या जागी पुन्हा गोणपाट घालू देऊ नका. सिंथेटिक फेल्ट मागा. खर्चात नगण्य फरक पडतो.

तुकडा बदलण्याच्या कामात कारागिराचे खरे कसब दिसते. शिलाई उसवून फाटलेला भाग सुटा करायचा आणि तोच साचा म्हणून वापरायचा, ही नेहमीची पद्धत. पण चालकाच्या सीटचा तुकडा वर्षानुवर्षे ताणून मोठा झालेला असतो, त्यावरून बेतले तर नवा तुकडाही सैल येतो. जाणकार कारागीर शेजारच्या सीटच्या बाहेरच्या कडेवरून, म्हणजे कमी वापराच्या तुकड्यावरून, साचा घेतो आणि उलटा करून बेततो. शिलाईला १० ते १२ मिमी दाब सोडायचा, खुणांचे छोटे काप जुळवायचे आणि कापडाचा ताण जुन्या तुकड्याच्याच दिशेने ठेवायचा. रेक्झिनची पाठ विणीची असते आणि ती एका दिशेने जास्त ताणते. दिशा चुकली की कडेवर सुरकुत्या येतात आणि त्या कुठल्याही गरम हवेने जात नाहीत.

दोरा बॉन्डेड पॉलिएस्टरचा, ७० टेक्सच्या (दोऱ्याच्या जाडीचे माप) आसपासचा. नायलॉन ताकदीला चांगला, पण उन्हात तो पॉलिएस्टरच्या आधी कमजोर होतो, आणि इथे गाड्या दिवसभर उघड्यावर उभ्या असतात. कपडे शिवायचा साधा दोरा सीटला कधीच चालत नाही. टाका ३ ते ४ मिमीचा हवा, म्हणजे इंचाला ७-८ टाके. बारीक टाका मजबूत असा समज आहे, तो कापडाच्या बाबतीत काही अंशी खरा, रेक्झिनच्या बाबतीत चुकीचा. जवळजवळ भोके पडली की रेक्झिन पोस्टाच्या तिकिटासारखे त्या रेषेवर फाटते. मशीन वरून आणि खालून दोन्हीकडून माल ओढणारे असावे. साध्या मशीनवर जाड मालाचा वरचा थर मागे राहतो, शिलाई तिरकी जाते आणि डाव्या-उजव्या कडा एकमेकींशी जुळत नाहीत.

रंग जुळवण्याचा प्रश्न मात्र अवघड. पाच-सहा वर्षे ऊन खाल्लेल्या कापडाशी नवे कापड जुळत नाही, कुणी कितीही खात्री दिली तरी. यावर उत्तम तोडगा म्हणजे दोन्ही पुढच्या सीटच्या दोन्ही कडा एकाच गडद रंगाच्या रेक्झिनमध्ये करून घेणे आणि मधला बसायचा भाग मूळ कापडाचाच ठेवणे. दिसायला ते मुद्दाम केलेले वाटते, घासणाऱ्या जागी रेक्झिन येते आणि पाठीखाली हवा खेळणारे कापड राहते. गोव्यातल्या मे महिन्यात सबंध रेक्झिनच्या सीटवर बसून बघितलेल्याला याचे मोल वेगळे सांगायला नको.

अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात काम झटपट होते: सकाळी गाडी द्या, दुपारी न्या. तिथे मूळ कव्हर काढत नाहीत, त्यावरच मॉडेलच्या मापाचे तयार कव्हर चढवतात. मूळ सीट चांगली असेल आणि ती जपायची असेल तर हा पर्याय वाईट नाही. फाटलेल्या किंवा ओल धरलेल्या सीटवर मात्र हे करू नये. आतला ओलावा रेक्झिनखाली कोंडतो आणि जून-जुलैत गाडीला जो कुबट वास येतो तो परफ्यूमच्या बाटलीने झाकत नाही. तयार कव्हरे बहुतेक तीन नावांनी विकली जातात: रेक्झिन, पीयू आणि नप्पा. ‘नप्पा’ हे खरे तर मऊ अस्सल कातड्याचे नाव, पण कव्हराच्या दुकानात ते जवळजवळ नेहमीच कृत्रिम मालाला दिलेले असते. माल उलटा करून पाठ बघावी: विणलेले किंवा फेल्टसारखे कापड दिसले तर तो कृत्रिम.

पीयू (पॉलियुरेथेनचा थर दिलेला माल) आणि पीव्हीसी, म्हणजे नेहमीचे रेक्झिन, यांत गोव्यासाठी काय घ्यावे, यावर आमचे मत स्पष्ट आहे. पीयू हाताला मऊ, दिसायला कातड्याजवळ जाणारा, म्हणून महाग विकला जातो. पण स्वस्त पीयूचा वरचा थर ज्या पॉलिएस्टर जातीचा असतो, तिचे रासायनिक बंध दमट हवेतल्या पाण्याने तुटत जातात. मग खपल्या सुटतात आणि कपड्यांना काळे कण चिकटतात. गाडी वापरात नसली तरी हे होते, कारण त्याचे मूळ घासण्यात नसून दमट हवेत आहे. पीव्हीसीचा दोष निराळा. त्याला मऊ ठेवणारे द्रव्य उष्णतेने हळूहळू बाहेर येते, माल कडक होतो आणि घडीवर तडकतो. पण त्याला वेळ लागतो, आणि सावलीत उभी राहणारी गाडी असेल तर बराच लागतो. किनारपट्टीला आम्ही १ ते १.२ मिमी जाडीचे, विणीच्या पाठीचे, गाडीसाठी बनवलेले पीव्हीसी रेक्झिनच सुचवतो. सोफ्याचे रेक्झिन स्वस्त पडते आणि अल्बममध्ये तसेच दिसते, पण ते ऊन धरत नाही, शिवाय गाडीच्या आतल्या मालाला आगीबद्दलचा जो निकष लागतो तो पाळण्यासाठी ते बनवलेले नसते. हा भारतीय निकष आयएस १५०६१. अशा चाचण्यांत ज्वाला मालावरून किती वेगाने पुढे सरकते ते मोजतात, आणि अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस ३०२ मध्ये ती मर्यादा मिनिटाला १०२ मिमी आहे. दुकानदाराला नुसते विचारावे, ‘हा माल गाडीचा का सोफ्याचा?’ गुंडाळीच्या पाठीवर किंवा लेबलावर उत्तर मिळते.

माल किती लागतो याचा अंदाज असला की हिशेबात घोळ होत नाही. रेक्झिनचा पन्हा साधारण ५४ इंच असतो. पाच आसनी छोट्या गाडीच्या दोन पुढच्या सीटना मिळून ४ ते ५ मीटर, मागच्या बाकाला साडेतीन ते ४ मीटर, म्हणजे एकूण साडेसात ते ९ मीटर. दारांच्या पॅडना मीटर-दीड मीटर वेगळे. चौकटीची नक्षी जुळवायची असेल तर वाया जाणारा माल वाढतो. फक्त दोन कडा बदलायच्या तर अर्धा-पाऊण मीटर पुरते. अंदाजपत्रक घेताना माल किती मीटर आणि मीटरचा भाव काय, फोम किती जाडीचा आणि घनतेचा, शिलाई, सीट काढ-घाल, असे चार आकडे वेगवेगळे मागा. एकच गोल रक्कम सांगणाऱ्याकडे नंतर फोमचा खर्च वाढीव निघतो, किंवा फोमच घातला जात नाही.

सर्व्हिस सेंटरबद्दल लोकांची समजूत अशी की तिथे अख्खी सीटच बदलावी लागते. बऱ्याच मॉडेलना सीटचे शिवलेले कव्हर सुटा भाग म्हणून मिळते, वेगळ्या पार्ट नंबरने: बसक्या भागाचे वेगळे, पाठीचे वेगळे. चॅसिस नंबर देऊन पार्टच्या काउंटरवर चौकशी करावी, कारण एकाच गाडीच्या दोन प्रकारांत कापड निराळे असते आणि मागवलेला माल सहसा परत घेत नाहीत. वाट बघावी लागते आणि किंमत जास्त असते, पण कव्हर मापाला बिनचूक येते. ते बसवायचे काम कुशनवाल्याकडून करून घेतले तरी चालते.

एअरबॅगच्या सीटला मात्र यात पर्याय नाही. ह्युंदाईने ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतातल्या आपल्या सगळ्या मॉडेलना सहा एअरबॅग देण्याचे जाहीर केले, आणि इतर कंपन्यांच्याही साध्या गाड्यांत आता त्या येऊ लागल्या आहेत. सहांपैकी दोन सहसा पुढच्या सीटच्या पाठीत, दाराच्या बाजूला असतात. शिलाईजवळ ‘एअरबॅग’ लिहिलेली छोटी चिठ्ठी असते. ती शिलाई ठरावीक ताणाला उसवावी अशीच शिवलेली असते आणि आतल्या कापडी पट्ट्या फुग्याला त्या फटीकडे नेतात. कुशनवाल्याने ती जागा जाड दोऱ्याने पक्की केली, किंवा तयार कव्हराने झाकली, तर फुगा उशिरा किंवा भलत्या दिशेने उघडेल. कव्हर विकणारे ‘एअरबॅगला चालणारे’ असे सांगतात. बाजूला निदान उघडी खाच आहे का ते बोट घालून बघा, आणि तरीही आमचा सल्ला असा की अशा सीटच्या पाठीवर वरून काहीच चढवू नये.

चालकाशेजारच्या सीटमध्ये आणखी एक नाजूक गोष्ट असते. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना चालक आणि शेजारचा, दोघांसाठी बेल्टची आठवण देणारा इशारा सक्तीचा झाला. त्यासाठी बसक्या भागात, फोम आणि कव्हर यांच्यामध्ये किंवा फोमखाली, सेन्सरची पातळ चटई असते. तिला घडी पडली किंवा गोंद लागला की रिकाम्या सीटवरही बीप-बीप चालू राहते, किंवा माणूस बसला तरी वाजत नाही. हवा फेकणाऱ्या व्हेंटिलेटेड सीटवर बिनभोकाचे रेक्झिन चढवणे म्हणजे ती सोय बंद करणेच. मागच्या सीटला आयसोफिक्सचे, म्हणजे लहान मुलाची सीट अडकवायचे, लोखंडी आकडे असतील तर नवे कव्हर त्यांवर शिवून टाकलेले नाही ना, हेही बघायचे. लहान मूल असलेल्या घराला हे फार महत्त्वाचे.

किटबद्दल थोडक्यात. रंगीत पेस्ट आणि ठसा असलेली ही किटे रेक्झिन किंवा कातड्यावरचा ओरखडा, सिगारेटचे बारीक भोक एवढ्यापुरती ठीक. पाच रुपयांच्या नाण्यापेक्षा मोठी चीर, किंवा शिलाईलगतची चीर, यांवर ती टिकत नाहीत, कारण तिथे प्रत्येक बसण्याला ताण येतो. भोक बुजवताना मागून कापडाचा तुकडा सरकवून चिकटवायचा आणि मग वर पेस्टचे पातळ दोन-तीन थर द्यायचे. एकदम भरलेला जाड थर आतून ओला राहतो. कापडी सीटला फेवीक्विकसारखा झटपट गोंद कुणी लावू नये. तो काचेसारखा कडक होतो आणि त्याच्या कडेनेच पुढची चीर जाते.

हे सगळे करायचे कधी? वर्षाला सुमारे ३००० मिमी पाऊस पडणाऱ्या आपल्या मुलखात नोव्हेंबर ते मे हाच या कामाचा काळ. पावसात हवेतला ओलावा ८५ टक्क्यांच्या वर सहज जातो. गोंदातले द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतले बाष्प बसते आणि पांढुरका थर धरतो. तसाच दाबलेला जोड काही आठवड्यांत सुटतो. शिवाय ओला फोम वाळत नाही. पावसातच करावे लागले तर दुकानात पंखा किंवा हॅलोजन दिवा लावून पृष्ठभाग कोमट करून घ्यायला सांगा आणि चवथीच्या आधीच्या गर्दीत काम देऊ नका. घाईत पहिला बळी जातो तो गोंद वाळण्याचा वेळ.

सीट ओली कशाने होते हे शोधल्याशिवाय तर काम देऊच नये. दाराचे रबर, सनरूफच्या पाणी जाण्याच्या नळ्या, एसीच्या पाण्याची तुंबलेली नळी ही नेहमीची ठिकाणे. पायाखालचा गालिचा दाबून बघा. तिथे पाणी वर येत असेल तर आधी मेकॅनिक, मग कुशनवाला. खारट झालेला फोम टिकवता येतो: कव्हर काढून गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुवायचा, पिळायचा नाही, तळव्याने दाबून पाणी काढायचे आणि सावलीत पंख्याखाली पूर्ण वाळवायचा. कडक उन्हात ठेवला तर हा पॉलियुरेथेनचा फोम पिवळा पडून भुसभुशीत होतो. मात्र आत काळी बुरशी खोलवर गेली असेल तर तो भाग कापून बदलणेच योग्य. वाळू आधी व्हॅक्यूमने काढायची, विशेषतः सीट ज्यावर सरकते त्या रुळांतली. डिचोली, सांगेकडच्या गाड्यांत लाल धूळही इथेच साठते आणि ग्रीसमध्ये मिसळून रुळ खाते.

गाडी ताब्यात घेताना पाच मिनिटे घालवा. सीट पूर्ण पुढे-मागे सरकवा, पाठ झोपवून परत उभी करा, हेडरेस्ट वर-खाली करा. बेल्टच्या बकलला जोराचा हिसका द्या. बकल सोडले असेल तर त्याचा बोल्ट पुस्तिकेतल्या मापाने टॉर्क पान्याने आवळला का ते विचारा. चावी ‘ऑन’ करून एअरबॅगचा दिवा लागून विझतो का बघा, शेजारी कुणाला तरी बेल्टशिवाय बसवून इशारा वाजतो का बघा. मग शिलाईच्या दोन्ही बाजूंना अंगठ्यांनी ताण द्या. टाक्यांमधून आतला फोम दिसला तर दोरा सैल आहे आणि ती शिलाई फार टिकणार नाही. कोपऱ्यावरच्या बारीक सुरकुत्या चालतात. रेक्झिन कोमट करून चढवले असेल तर पहिल्या आठ-दहा दिवसांच्या उन्हात त्या बसतात. सरळ सपाट भागावरची सुरकुती राहते, ती तिथेच दाखवून दुरुस्त करून घ्या.

निघताना जुना उसवलेला तुकडा आणि उरलेले रेक्झिन मागून घ्या. रेक्झिन घडी न घालता गुंडाळून ठेवा आणि पाठीवर महिना, वर्ष आणि शेडचा नंबर लिहा. पुढच्या वेळी तीच शेड बाजारात मिळेलच असे नसते, आणि कडेचा एक तुकडा बदलायला एवढा माल पुरतो.